ड्रम सँडर पिळलेली फळी सरळ करतो का?

ड्रम सँडर म्हणजे फिरत्या ड्रमवर गुंडाळलेल्या सँडपेपरने लाकूड घासणारं मशीन. ‘ड्रम सँडर घेतला की रंधा लागत नाही, पिळलेली फळीही सरळ निघते’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. नाशिकमधले हौशी सुतारकाम करणारे मित्रही त्यावरच मशीन निवडतात, म्हणून हे लिहितोय.

सँडरचे रोलर फळीला पुढे सरकवणाऱ्या पट्ट्यावर दाबून धरतात. दाबाखाली पातळ फळी सपाट दिसते. बाहेर आली की पीळ परत येतो. जाडी एकसारखी होते, एवढंच. शिवाय एका फेरीत अर्धा मिलिमीटरसुद्धा काढू नये. हावरेपणा केला तर सँडपेपर भुशाने भरतो, सागावर काळे जळके पट्टे उमटतात.

पडताळायचंय? पावसाळ्यात पिळलेली पातळ फळी जाड काचेवर ठेवून तिरक्या रेषेत समोरासमोर येणारे कोपरे आळीपाळीने दाबा. सँडरमधून काढून पुन्हा दाबा. डुगडुगतेच. आधी एक बाजू रंध्याने सपाट करा, मगच सँडर.