बिडाचं वेल्डिंग आणि बिडाचं ब्रेझिंग: एकच समजू नका

तडकलेला बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, भाग घेऊन नाशिकच्या सातपूरला किंवा अंबडला गेलात की "वेल्डिंग करून देतो" एवढंच उत्तर मिळतं. कोणी निकेलची काडी लावतो, कोणी पितळेची, आणि नाव दोन्हींना एकच. जुन्या जीपचा किंवा अँबेसेडरचा चांगला भाग पुन्हा मिळवणं किती जिकिरीचं असतं हे ज्याला माहीत आहे, त्याने तरी ही सरमिसळ खपवून घेऊ नये.

आर्क वेल्डिंग तुम्ही पाहिलेलं आहे, ते सांगत बसत नाही. जोडाचा रंग, काडीची किंमत हे फरकही किरकोळ. मात्र गॅसची ज्वाला दिसली म्हणजे ब्रेझिंग, हा समज आधी डोक्यातून काढा. गॅसवर बिडाचीच काडी वितळवून अस्सल वेल्डिंग होतं, आणि टिगवर (टंगस्टनच्या टोकातून आर्क पाडणारं वेल्डिंग) ब्राँझची काडी लावून ब्रेझिंगही होतं. बघायचं एवढंच की मूळ बीड वितळलं की नाही: वितळलं तर वेल्डिंग, नुसती काडीच वितळली तर ब्रेझिंग.

वेल्डिंगमध्ये भेगेच्या दोन्ही कडा वितळतात. ग्रे बिडात, म्हणजे नेहमीच्या करड्या बिडात, २.५ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. बीड वितळलं की हा ग्राफाइट त्यात विरघळतो. भोवतीचा थंड भाग उष्णता झपाट्याने ओढून घेतो, त्यामुळे पापुद्रे परत तयार व्हायला वेळच मिळत नाही. कार्बन लोखंडाशी बांधला जातो आणि कडेला पांढऱ्या बिडाची पट्टी तयार होते, काचेसारखी कठीण आणि ठिसूळ. तिच्यावर कानस घसरते, ड्रिलची धार जाते. त्यातच जोड निवताना आकसतो. पोलाद अशा वेळी थोडं ताणलं जातं, बीड जवळजवळ नाहीच. मग जोडाच्या अगदी शेजारून, त्याला समांतर नवी भेग जाते. लोक म्हणतात, वेल्डिंग सुटलं. जोड जागेवरच असतो, फाटलेलं असतं ते शेजारचं बीड.

निकेलच्या काडीने जोड मऊ राहतो, पण कडेची पट्टी टळत नाही. म्हणून एका वेळी इंचभरच वेल्ड, लगेच हातोडीने हलकं ठोकणं, आणि हात ठेवता येईल इतकं निवल्यावर पुढचा इंच. नाहीतर अख्खा भाग ५००-६०० अंशांना तापवून सलग काम करायचं आणि कोरड्या राखेत पुरून सावकाश निववायचं. पत्र्याच्या कामाची साधी काडी बिडाला लावणाऱ्याकडे भाग देऊच नका.

ब्रेझिंगची पितळी काडी ९०० अंशांच्या आसपास वितळते. बिडाला वितळायला ११५० च्या वर जावं लागतं. म्हणजे बीड लाल होतं, पण घट्टच राहतं, आणि ग्राफाइट जागच्या जागी. निवताना ताण येतो तो मऊ पितळ सोसतं. सावकाश निववणं इथेही सुटत नाही. ग्राइंडरने घासलेल्या बिडावर ग्राफाइट फासला जातो आणि पितळ धरत नाही, तरी हे सर्रास चालतं. कडा कानशीने घ्या, तेल जाळून काढा आणि मग फ्लक्स (काडी धरावी म्हणून पृष्ठभाग साफ करणारी पूड) लावा.

वॉटर पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं हाउसिंग, ब्रॅकेट यांना मी ब्रेझिंगच सांगेन. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला मात्र कधीच नाही. तो इतका तापतो की पितळाची ताकद जाते, तिथे वेल्डिंगच हवं. कसारा घाट चढून उकळलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्याने ब्लॉकचं वॉटर जॅकेट (सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी) तडकलं असेल, तर या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. ब्लॉक तापवला की बोअरचा (पिस्टन फिरतो त्या भोकाचा) आकार बिघडू शकतो. तिथे उष्णतेशिवाय, आट्यांच्या पिना बसवत केलेलं स्टिचिंगच करावं.

आणि हा निर्णय पहिल्याच वेळी नीट घ्या. एकदा पितळ भरलं की त्यावर वेल्डिंग होत नाही. जस्त उकळून धूर होतो, तांबं जोडात मिसळतं, जोड भोकाभोकांचा होतो. जुना भाग घेताना भेगेत पिवळी रेघ दिसली तर कारागिराला ती आधीच दाखवा. त्यानंतर एक तर पुन्हा ब्रेझिंग, नाहीतर सगळं पितळ खरवडून काढून नव्याने सुरुवात.