ग्रामसभा गावात, क्षेत्रसभा कागदात

30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत 23 गावं आली. नगर रस्त्यावरची वाघोली त्यातलीच एक. ग्रामपंचायत गेली, सरपंच गेले, ग्रामसभाही गेली. पुढच्या मार्चमध्ये महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. त्यामुळे जानेवारी 2026 पर्यंत, म्हणजे साडेचार वर्षं, वाघोलीकरांना ना सरपंच होता ना त्यांनी मत देऊन निवडलेला नगरसेवक. रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल चारचौघांत कुणाला विचारायचं, याला कायद्याने दिलेली जागाच उरली नव्हती.

गावात ती जागा होती. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 प्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा गावोगावी पाठ असतात. मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं जमली की गणपूर्ती झाली. ग्रामसभेत गोंधळ होतो, कधी ती कागदावरच उरकली जाते, हे सगळं खरं. तरी उठून उभं राहून जमाखर्च विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. शहरात आल्यावर हा हक्क कुठे जातो, ग्रामसभेसारखं शहरात काही आहे का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

मुंबईत 1872 च्या कायद्याने पहिल्यांदा निवडून आलेले सभासद महापालिकेत बसले. 64 जागांपैकी 32 करदात्यांच्या मतांवर, 16 जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) मंडळींकडून आणि 16 सरकारनियुक्त. मत कुणाला, तर वर्षाला निदान 50 रुपये कर भरणाऱ्याला. भाड्याच्या खोलीत राहणारा गिरणी कामगार या हिशेबात कुठेच नव्हता. पुण्यात तर तेव्हा सगळेच सभासद सरकारने नेमलेले. जोतिराव फुले 1876 पासून पुढे काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असं म्हणत 32 सभासदांपैकी एकट्या जोतिरावांनी विरोधात मत दिलं. नव्या मंडईवर होणाऱ्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे. त्या मतदानाची नोंद राहिली, म्हणूनच ही गोष्ट आज सांगता येते. इतिवृत्ताचं महत्त्व पुढे पुन्हा येईल.

18 मे 1882 चा व्हाइसरॉय रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि 1884 च्या कायद्याने जिल्ह्यांतल्या नगरपालिकांत निम्म्या जागांवर निवडणूक सुरू झाली. मुंबईचा 1888 चा कायदा दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे. प्रौढ मताधिकार मुंबई महापालिकेत 1948 ला आला. पुणे महापालिका 15 फेब्रुवारी 1950 रोजी 1949 च्या प्रांतिक कायद्याखाली स्थापन झाली आणि पहिली निवडणूक 1952 ला झाली. या ऐंशी वर्षांत मत कुणाला यावर भांडण झालं आणि ते जिंकलंही गेलं. मत दिल्यानंतर पाच वर्षं नागरिकाने काय करायचं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. मुख्य सभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, लोकांसाठी खुली असते, गॅलरीत बसून ऐकता येतं. बोलता येत नाही. पुण्यात ज्यांनी गॅलरीत बसून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की श्रद्धांजली वाहून सभा तहकूब होते आणि पाणीपुरवठ्याच्या विषयासाठी आलेली माणसं चहा पिऊन घरी जातात.

1 जून 1993 पासून 74 वी घटनादुरुस्ती लागू झाली. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या हव्यात, असं अनुच्छेद 243-एस सांगतं. महाराष्ट्राने 1994 मध्ये आपले कायदे बदलले. पुण्यासह मुंबईबाहेरच्या महापालिकांसाठी 1949 च्या त्याच कायद्यात कलम 29-अ आलं. त्या हद्दीतले नगरसेवक, क्षेत्रीय कार्यालयाचे प्रमुख अधिकारी आणि त्या भागात काम करणाऱ्या अशासकीय संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी, अशी समितीची रचना. पाणी, ड्रेनेज, सफाई, पावसाळी गटारं यांच्या तक्रारी सोडवणं, हद्दीतल्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर शिफारस करणं आणि अंदाजपत्रकात तरतूद असेल तर पाच लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी देणं, ही तिची कामं.

कागदावर हे बरं दिसतं. घोळ झाला आकाराचा. 2011 च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या 31 लाखांवर होती. क्षेत्रीय कार्यालयं 15. म्हणजे एका प्रभाग समितीच्या पदरात सरासरी दोन लाख माणसं. महाराष्ट्रात लोकसंख्या एक लाखाच्या पुढे गेली की नगरपरिषद 'अ' वर्गात जाते. तिला स्वतःचा नगराध्यक्ष, स्वतःचं अंदाजपत्रक, स्वतःचा कर. त्याच्या दुप्पट वस्तीसाठी पुण्यात एक समिती आणि पाच लाखांची मर्यादा. आजच्या दरात पाच लाखांत गल्लीतलं एखादं छोटं काम होतं, रस्ता होत नाही. शिवाय संस्थांच्या तीन जागांवर ठिकठिकाणी पक्षाचे कार्यकर्तेच बसले. आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे समितीची मुदत महापालिकेच्या मुदतीला बांधलेली. सभागृह गेलं की समितीही गेली.

2005 च्या डिसेंबरात केंद्राची नेहरू नागरी पुनर्निर्माण योजना आली. पैसा हवा असेल तर राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा ही तिची अट होती. नमुना म्हणून नगर राज विधेयकाचा मसुदा दिला गेला. महाराष्ट्राने 2009 मध्ये दुरुस्ती करून 29-ब पासूनची कलमं घातली आणि 'क्षेत्रसभा' हा शब्द कायद्यात आला. क्षेत्र म्हणजे प्रभागातली लागून असलेली दोन ते पाच मतदान केंद्रं. एका केंद्राला हजार-बाराशे मतदार धरले तर दोन हजारांपासून सहा हजारांपर्यंत. हा आकार गावासारखाच आहे. क्षेत्रातला प्रत्येक मतदार हा सभेचा सदस्य, अध्यक्ष नगरसेवक. कामं सुचवायची, त्यांचा प्राधान्यक्रम लावायचा, सरकारी योजनांसाठी पात्र माणसं सुचवायची. ठरलेल्या मुदतीत सभा बोलावल्या नाहीत तर नगरसेवकाचं पद जाऊ शकतं, इतकी कडक तरतूदही केली गेली.

ग्रामसभेसारखं शहरात काही आहे का, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच 'आहे' असं द्यावं लागतं. फक्त ती भरवायची चावी नगरसेवकाच्या खिशात आहे. ग्रामसभेच्या तारखा गावाला ठाऊक असतात आणि सरपंचाने टाळलं तर ग्रामसेवकाला विचारता येतं. क्षेत्रसभेची तारीख, जागा, नोटीस सगळं नगरसेवकाच्या मर्जीवर, आणि ज्या सभेत आपल्यालाच प्रश्न विचारले जाणार ती कोण हौसेने भरवेल? काही नगरसेवकांनी भरवल्या, त्यांचं कौतुकच आहे. बहुतेकांनी नाही. पद गमावण्याची भीती कुणाला वाटली नाही, कारण तक्रार करायला सभा भरायला हवी होती हे आधी नागरिकाला ठाऊक असावं लागतं.

त्यात प्रभागाचा आकार दर निवडणुकीला बदलत राहिला. पुण्यात 2007 ला एका वॉर्डात एक नगरसेवक होता, एकूण 144. 2012 ला दोघांचा प्रभाग झाला, 76 प्रभागांत 152. 2017 ला बहुतेक ठिकाणी चौघांचा, 41 प्रभागांत 162. 2026 ला 165 नगरसेवक. 40 प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. चौघं एकाच प्रभागाचे असले की क्षेत्रसभा नेमकी कुणी बोलवायची हा वाद रंगतो आणि खड्डा दाखवला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मुंबईत 227 वॉर्डांत एकेकच नगरसेवक, त्यामुळे तिथे निदान बोट दाखवायला दुसरा नसतो.

पुण्याने एक गोष्ट मात्र सभेची वाट न पाहता केली. तत्कालीन आयुक्त नितीन करीर यांच्या काळात, 2006 मध्ये, नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत सुरू झाली. क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यायचा, आपल्या भागातलं छोटं काम लिहायचं, पावसाळा सरता सरता अर्ज परत द्यायचा. एका कामाची मर्यादा पाच लाख. कनिष्ठ अभियंता जागा पाहतो, अंदाजे खर्च काढतो, प्रभाग समितीत अर्जांची छाननी होते आणि मंजूर कामं आयुक्तांच्या अंदाजपत्रकात जातात.

इथे अर्ज कुठे अडतात ते माहीत असणं उपयोगाचं. सर्वात जास्त अडतात जागेच्या मालकीवर. सोसायटीच्या आतला रस्ता महापालिकेच्या ताब्यात नसेल तर तिथे डांबर पडणार नाही, अर्ज कितीही नीट लिहा. एकाच अर्जात पाच कामं लिहिली तर अभियंत्याला एकाचाही खर्च नीट काढता येत नाही. 'रस्ता दुरुस्त करावा' असं लिहिलं तर काम सापडत नाही; 'अमुक चौकातील दत्त मंदिर ते तमुक शाळा, डाव्या बाजूचा पदपथ, सुमारे 60 मीटर, ब्लॉक उखडलेले' असं लिहिलं तर अभियंता थेट तिथे पोचतो. मंजूर झालेलं काम पुढे वर्गीकरणात जाऊ शकतं. वर्गीकरण म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणं. पुण्यात 'स' यादीतल्या, म्हणजे नगरसेवकांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांसाठी हा शब्द वर्षभर ऐकू येतो. म्हणून अर्जाची पोच, त्यावरचा क्रमांक आणि अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेतलं पान, या तिन्हींची नोंद ठेवावी.

2022 च्या मार्चमध्ये मुंबई, पुण्याच्या सभागृहांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च 2021 चा निकाल, त्यानंतरच्या याचिका आणि प्रभागरचनेचे बदलते आदेश यात चार वर्षं गेली. प्रशासकाकडे मुख्य सभेचे, स्थायी समितीचे आणि आयुक्ताचे असे सगळेच अधिकार आले. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. प्रभाग समित्या नव्हत्या, क्षेत्रसभेला अध्यक्ष नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी निवडणुका घेण्याचे आदेश दिले, नंतर मुदत वाढवून दिली आणि अखेर 15 जानेवारी 2026 रोजी 29 महापालिकांसाठी मतदान झालं.

त्या चार वर्षांत सभागृहावर न टेकलेल्या वाटा चालू राहिल्या. एक लोकशाही दिन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिका आयुक्तांकडे वैयक्तिक तक्रार मांडता येते. अर्ज ठरलेल्या नमुन्यात आणि 15 दिवस आधी द्यावा लागतो. न्यायालयात चालू असलेले विषय घेतले जात नाहीत. दुसरी वाट कागदपत्रं पाहण्याची. पुणे महापालिकेत माहिती अधिकाराच्या कार्यकर्त्यांच्या आग्रहातून सुरू झालेली पद्धत राज्य सरकारने नोव्हेंबर 2018 मध्ये जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक संस्थांना लागू केली: दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. यातून रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका मागता येते. तिच्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते आणि टेप घेऊन गेलं की जागेवर ताडून पाहता येतं. कार्यालयात गेल्यावर 'माहिती अधिकाराचा अर्ज करा' असं सांगून परत पाठवण्याचा प्रघात आहे. तेव्हा तो शासन निर्णय छापून सोबत न्यावा.

आता नगरसेवक आले आहेत, प्रभाग समित्यांनाही पुन्हा जागा आहे. त्यांच्या बैठकीची कार्यपत्रिका आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त क्षेत्रीय कार्यालयात मागता येतं. इतिवृत्तात एखाद्या विषयापुढे 'दप्तरी दाखल' लिहिलं असेल तर तो विषय बंद झाला असं समजायचं. 'पुढील सभेपर्यंत तहकूब' असेल तर तो अजून जिवंत आहे. आणि क्षेत्रसभेसाठी आपल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकच पत्र, 29-ब पासूनच्या कलमांचा उल्लेख करून, आपल्या मतदान केंद्रांचे क्रमांक लिहून द्यावं. ते आवक-जावक विभागात देऊन पोच घेतली की चौघांनाही ते मिळाल्याचा पुरावा हातात राहतो. वाघोलीत पहिली क्षेत्रसभा भरेल तेव्हा तिथे ग्रामसभा पाहिलेली माणसं असतील. प्रश्न कसे विचारायचे ते त्यांना शिकवावं लागणार नाही.