मे महिन्यातला पंप आणि सप्टेंबरातला ओढा

"गांजा ना? तो तर उकिरड्यावरही उगवतो. त्याला कसला आलाय पाण्याचा हिशेब?"

कॅलिफोर्नियात परवाना घेऊन गांजा पिकवणाऱ्यांना उन्हाळाभर ओढ्यातून पाणी उचलायला बंदी आहे, असं गप्पांच्या ओघात बोलून गेलो, त्यावर आलेलं हे उत्तर. उगवतो, हे खरं. पण विकण्याजोगी फुलं धरायची तर झाडाला पाणी लागतं, तेही भर उन्हाळ्यात. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ही शेती बहुतांशी बंद, त्यामुळे तिचा हिशेब आपल्या कानावर येत नाही. तिकडे औषधी वापराला १९९६ मध्ये आणि इतर वापराला २०१६ च्या मतदानाने मुभा मिळाली, जानेवारी २०१८ पासून व्यापारी परवाने सुरू झाले. राज्याच्या उत्तरेकडचे हंबोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी हे डोंगराळ जिल्हे या पिकाचं माहेर. तिथल्या 'लहान' परवान्याची कमाल मर्यादा १०,००० चौरस फूट, म्हणजे आपले नऊ गुंठे. एवढ्याशा जमिनीसाठी पाणी खातं, वन्यजीव खातं, जिल्हा आणि गांजा नियंत्रण विभाग असे चार उंबरे झिजवावे लागतात.

तिथला पाऊस आपल्या उलट. नोव्हेंबर ते मार्च धो धो, मे ते सप्टेंबर जवळपास शून्य. पीक मात्र नेमकं कोरड्या महिन्यांतलं. म्हणून नियम असा, की १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर ओढ्यातून उपसा नाही. पाणी हिवाळ्यात भरून ठेवायचं. २०१५ च्या एका अभ्यासाने झाडामागे रोजचे २२.७ लिटर धरले होते. त्या हिशेबाने २०० झाडांना १५० दिवसांत ६ लाख ८१ हजार लिटर लागतील. आपल्या दहा हजारी टँकरच्या अडुसष्ट खेपा! पुढे परवानाधारकांच्या प्रत्यक्ष नोंदी हाती आल्या, तेव्हा हा आकडा बऱ्याच ठिकाणी फुगवलेला निघाला. तरी नऊ गुंठेवाल्याने टाक्या मांडायच्या कुठे आणि घ्यायच्या कशातून, हा प्रश्न उरतोच.

आता माझ्या आवडीचा भाग. पाच महिने पाऊस नसताना तिथले ओढे वाहतात कशावर? मातीतली ओल जूनमध्येच संपते. ईल नदीच्या खोऱ्यात एल्डर क्रीक नावाचा ओढा आहे. त्याच्या काठच्या डोंगरात संशोधकांनी भोकं पाडून वर्षानुवर्षं ओल मोजली. मातीच्या खाली पाच ते पंचवीस मीटर जाडीचा, भेगाळलेला, झिजलेला खडक आहे. वर्षाच्या पावसातला २७ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा तो स्वतःत मुरवून धरतो, असं त्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. खडकातली ही ओल उन्हाळाभर झाडं पितात. पावसाळ्यात खडकाचं पोट भरलं की वरचं पाणी आणखी खाली उतरतं, भेगांत साठतं आणि हळूहळू ओढ्याला मिळतं. एल्डर क्रीक बारमाही आहे तो यामुळे. त्याच खोऱ्यात, साधारण तेवढ्याच पावसाचा दुसरा ओढा आहे. तिथे झिजलेला थर जेमतेम दोन-चार मीटरचा. पाणी मुरायला जागाच नाही, पडलं की वाहून गेलं. त्या ओढ्याचं नावच ड्राय क्रीक, म्हणजे कोरडा ओढा!

ओढ्यावर बंदी आली तेव्हा बरेच जण बोअरकडे वळले. बोअरला अशी सरसकट तारीख नाही. उत्तर किनाऱ्यावरच्या परवानाधारकांच्या नोंदींत निम्म्याहून अधिक जणांनी बोअर किंवा विहीर दाखवली होती. पण बोअरचं पाणी येतं कुठून? चार्ल्स थाईस या अमेरिकी भूजलतज्ज्ञाने १९४० मध्येच सांगून ठेवलं आहे, की उपसा आधी जमिनीतल्या साठ्यातून होतो आणि मग हळूहळू ओढ्याच्या वाट्यातून. म्हणजे ओढ्याकडून घेतलेली उसनवारीच, फक्त वसुली उशिरा.

किती उशिरा, ते गणिताने काढता येतं. समजा खडक असा आहे, की शंभर लिटर आकारमानातून पाच लिटर पाणी सुटतं (०.०५) आणि त्याची वहनक्षमता (खडकाचा पूर्ण थर पाणी किती सहज पुढे जाऊ देतो, त्याचं माप) दिवसाला १० चौरस मीटर आहे. ओढ्यापासूनच्या अंतराचा वर्ग करा, त्याला ०.०५ ने गुणा, १० ने भागा. आलेल्या दिवसांनंतर पंपाच्या पाण्यातला सुमारे निम्मा वाटा ओढ्याचा असतो. ५० मीटरला साडेबारा दिवस, २०० मीटरला २०० दिवस. अंतर चौपट, काळ सोळापट. १ मे रोजी पंप सुरू केला तर ऑगस्टअखेर ५० मीटरवरच्या बोअरमध्ये ओढ्याचा वाटा ८२ टक्के, २०० मीटरवर ३७ टक्के, ४०० मीटरवर फक्त ७. (हे सूत्र एकसारख्या जमिनीचं. भेगांच्या खडकात ते अंदाजापुरतंच धरावं.) आणखी एक खोच अशी, की पंप बंद केला तरी वसुली थांबत नाही. बोअरभोवती पडलेला पाण्याचा खड्डा भरून निघेपर्यंत ओढा देतच राहतो. कोहो सॅल्मन या माशाची पिल्लं समुद्राकडे जाण्याआधी जवळपास वर्षभर ओढ्यात राहतात. सप्टेंबरात प्रवाह तुटला की ती गुडघाभर डोहात अडकतात, आणि डोह रोज थोडा थोडा उतरत जातो.

एकाचा उपसा दुसऱ्याच्या पाण्यावर येतो, हे आपल्याकडेही ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, असं म्हटलं होतं. तरीही बोअर मारताना तळहातावर नारळ घेतलेला पाणाडी आधी येतो, नाहीतर पायाळू माणसाचा शोध सुरू होतो. तिकडेही दुबेळकी फांदी धरून फिरणारे आहेतच, शिकलेसवरलेले बागायतदार त्यांना पैसे मोजतात. पुरेसं खोल गेलं की बहुतेक ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच, म्हणून पाणाडी सहसा हरत नाही. लागलेलं पाणी कोणाच्या वाट्याचं, हे मात्र नारळ सांगत नाही.

लहान शेतकऱ्याला मदत लागते ती इथे. परवान्यासाठी लागणाऱ्या सल्लागाराचं बिल मोठ्या कंपनीला आणि नऊ गुंठेवाल्याला जवळपास सारखंच येतं, हे मला अन्यायाचं वाटतं. गांजावरच्या कराच्या पैशातून वन्यजीव खातं काही अनुदानं देतं. मॅटोल नदीच्या उगमाकडे तर एका स्थानिक संस्थेने गांजाचे परवाने येण्याच्या कितीतरी आधीपासून घरोघरी पन्नास हजार गॅलनच्या, म्हणजे सुमारे १ लाख ९० हजार लिटरच्या टाक्या बसवून दिल्या. बदल्यात लोकांनी उन्हाळ्यात नदीतून पाणी उचलायचं नाही, एवढंच.

बाकीची कामं साधी, पण कोणीतरी शेतावर येऊन दाखवावी लागतात. टाकीला बॉलकॉक हवा, नाहीतर भरलेली टाकी रात्रभर उताराची माती धुऊन ओढ्यात नेते. मीटरचा आकडा रोज वहीत उतरवायचा. टाकीऐवजी शेततळं केलं तर बुलफ्रॉग येतो. हा तिथला उपरा बेडूक, स्थानिक बेडकांना गिळणारा. त्याच्या डिंभकांना बेडूक व्हायला बहुधा एक हिवाळा पाण्यात काढावा लागतो, स्थानिकांचं काम एका हंगामात उरकतं. म्हणून हंगाम संपताना, पाऊस यायच्या आधी, तळं पूर्ण कोरडं करायचं आणि तळाचा चिखल फावड्याने उलटून पाहायचा.