सॅमन : संवर्धित व नैसर्गिक माशांतील पोषणभेद

मत्स्यशेतीत वाढवलेला सॅमन आणि नदी-समुद्रात स्वतः शिकार करून वाढलेला सॅमन यांच्या मांसातील चरबी, मेदाम्ले (चरबीचे घटक), जीवनसत्त्वे व रंगद्रव्य यांत आढळणारा फरक. नॉर्वेत १९७० च्या सुमारास समुद्रात जाळीचे पिंजरे सोडून अटलांटिक सॅमनची शेती सुरू झाली. आज बाजारात येणारा अटलांटिक सॅमन जवळजवळ सगळा शेतीतलाच असतो.

अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या संवर्धित अटलांटिक सॅमनमध्ये सुमारे १३ ग्रॅम चरबी व २०८ किलोकॅलरी असतात; त्याच जातीच्या नैसर्गिक माशात सुमारे ६ ग्रॅम चरबी व १४२ किलोकॅलरी. प्रथिने दोन्हींत २० ग्रॅमच्या आसपास. कारण पिंजऱ्यातल्या माशाला भक्ष्यामागे धावावे लागत नाही आणि तेलकट गोळ्या रोज आयत्या मिळतात.

ओमेगा-३ या मेदाम्लांचे गणित मात्र इतके सरळ नाही. पूर्वी या गोळ्या मुख्यतः अँकोव्हीसारख्या लहान माशांच्या कुटीच्या व तेलाच्या असत. हे मासे पुरेनात आणि महागले, तसे सोयाबीन व रेपसीड तेल त्यांच्या जागी आले. त्यामुळे ओमेगा-६ ही वेगळ्या प्रकारची मेदाम्ले वाढली. स्कॉटलंडच्या संवर्धित सॅमनमधील ईपीए व डीएचए ही माशांतली मुख्य ओमेगा-३ मेदाम्ले २००६ ते २०१५ या काळात निम्म्यावर आल्याचे आढळले. तरीही एकूण चरबीच जास्त असल्याने ताटातल्या तुकड्यामागे मिळणारे ओमेगा-३ नैसर्गिक माशापेक्षा बहुधा कमी भरत नाही. ड जीवनसत्त्व मात्र नैसर्गिक माशात बरेच जास्त सापडले आहे.

मांसाचा केशरी रंग अ‍ॅस्टाझॅन्थिन या रंगद्रव्याचा. मुक्त माशाला तो क्रिल व कोळंबीवर्गीय जीवांतून मिळतो, पिंजऱ्यातल्याला खाद्यात मिसळून द्यावा लागतो. म्हणून रंगावरून ताजेपणा वा पोषण जोखण्यात अर्थ नाही. संवर्धित सॅमनमध्ये पीसीबी या विषारी औद्योगिक रसायनांसारखी प्रदूषके जास्त असल्याचे २००४ मध्ये दाखवले गेले, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. ही प्रदूषके मुख्यतः खाद्यातल्या मत्स्यतेलातून येत. वनस्पती तेल वाढले तसे त्यांचे प्रमाण घटले.

अनेक तुलनांत जातीच वेगळ्या असतात, हा त्यांतला मोठा दोष. दुकानातला ‘वाइल्ड’ सॅमन बहुधा अलास्काकडचा सॉकायसारखा पॅसिफिक मासा असतो, आणि तो मुळातच कमी चरबीचा. आपल्याकडे ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकला जाणारा रावस तर सॅमनच्या कुळातलाही नाही. वरील आकडे त्याला लावू नयेत.