‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (२००५) : प्रतिसाद आणि वाद

मंगळवासीयांनी पृथ्वीवर केलेल्या हल्ल्याची कथा सांगणाऱ्या एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) या विज्ञानकादंबरीवर स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी काढलेला हा चित्रपट २९ जून २००५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याच्याविषयी लगोलग दोन तट पडले. सुमारे १३ कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाने जगभर ६० कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमवला, तेव्हा लोकांनी तो पाहिला यात शंका नाही. पाहून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांची तक्रार मात्र सारखीच होती : सुटीतली करमणूक म्हणून गेलो आणि भलतेच काही अंगावर आले.

तक्रारीला पूर्वेतिहास होता. याच कादंबरीवर जॉर्ज पाल यांनी निर्माण केलेला १९५३ चा चित्रपट बहुतेकांच्या आठवणीत होता. त्यातली हिरवट-तांबूस, तरंगत येणारी यंत्रे देखणी होती, नायक शास्त्रज्ञ होता आणि त्यातल्या विशेष दृश्यपरिणामांना ऑस्करही मिळाले होते. शिवाय १९७७ आणि १९८२ मधल्या आपल्या दोन चित्रपटांत स्पीलबर्ग यांनीच परग्रहवासीयांना माणसाचे मित्र म्हणून रंगवले होते. त्याच दिग्दर्शकाचे पाहुणे आता माणसांचे रक्त शोषून ते शेतांवर फवारू लागले, हा धक्का पचायला जड गेला.

२००५ च्या चित्रपटाचा नायक रे फेरियर (टॉम क्रूझ) हा गोदीतला क्रेनचालक, घटस्फोटित आणि बाप म्हणून बेफिकीर. जगाला वाचवायचे त्याच्या मनातही येत नाही. मुलगा आणि मुलगी यांना घेऊन तो पळत सुटतो. कॅमेरा त्याच्यापासून फारसा दूर जात नाही. नकाशावर सैन्य हलवणारे सेनापती नाहीत, जगप्रसिद्ध इमारती कोसळताना दिसत नाहीत. दिसते ते नदीतून वाहत येणारी प्रेते, फाटक ओलांडून धडधडत गेलेली जळती आगगाडी, आकाशातून भुरभुरत पडणारे रिकामे कपडे आणि एका चालू गाडीसाठी एकमेकांच्या जिवावर उठलेला जमाव. यानुश कामिन्स्की यांच्या छायालेखनातला करडा, रंग धुऊन काढल्यासारखा प्रकाश हे सारे आणखी गडद करतो. गाडीभोवतीचा तो प्रसंग हल्लेखोरांच्या कोणत्याही दृश्यापेक्षा भयंकर आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या खुणा तर जागोजागी आहेत. पहिल्या हल्ल्यानंतर रे घरी परततो तेव्हा त्याच्या अंगावर राखेचा थर असतो, आणि ती राख माणसांची असते. हरवलेल्यांच्या छायाचित्रांनी भिंती भरलेल्या असतात. हे दहशतवादी आहेत का, असे लहानगी मुलगी विचारते. ताज्या राष्ट्रीय दुःखाचा हा व्यापार आहे, असे काही समीक्षकांनी म्हटले. अमेरिकी लोकप्रिय चित्रपटाने त्या दिवसाकडे प्रथमच नजर रोखून पाहिले, असे इतरांचे म्हणणे. सहपटकथाकार डेव्हिड केप यांनी आणखी एक वाट मोकळी ठेवली : परकी भूमी बळाने ताब्यात घेऊ पाहणारे हल्लेखोर म्हणजे इराकमधली अमेरिकी फौज, असेही वाचता येईल. हा अर्थ ओढूनताणून लावलेला म्हणावा, तर वेल्स यांच्या पहिल्याच प्रकरणात मंगळवासीयांना दोष देण्याआधी युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचे काय केले ते आठवा, असे बजावलेले आहे.

सर्वाधिक रोष ओढवला तो शेवटाने. हल्लेखोर जंतूंना बळी पडतात हे अनेकांना पळवाट वाटले, पण ती पळवाट असेल तर ती वेल्स यांचीच आहे. बॉस्टनमध्ये कुटुंब एकत्र येते, याला स्पीलबर्गी गोडवा म्हणून हिणवले गेले. येथेही घाई झाली. कादंबरीतला निवेदक मेली असे धरून चाललेल्या पत्नीला शेवटी आपल्या घरातच भेटतो. चित्रपटाची पदरची भर म्हणजे आगीच्या लोळात दिसेनासा झालेला मुलगा आजीआजोबांच्या दारात सुखरूप उभा असणे, आणि ती खरोखरच सुसह्य नाही. त्याहून मोठी उणीव वेगळी आहे. वेल्स यांचा निवेदक भेटीनंतरही सावरत नाही. लंडनच्या गजबजलेल्या रस्त्यांवरची माणसे त्याला मेलेल्या शहरातली भुते वाटतात. तो उपसंहार पडद्यावर येतच नाही. काळोखाची तक्रार करणाऱ्यांना बहुधा हे ठाऊक नव्हते की मूळ पुस्तक शेवटी याहून काळे आहे. जाता जाता, दारात उभे असलेले ते आजीआजोबा म्हणजे १९५३ च्या चित्रपटातले नायक-नायिका जीन बॅरी आणि ॲन रॉबिन्सन.

बारीकसारीक आक्षेपही गाजले. गावातली सारी विद्युत उपकरणे बंद पडल्यावर एका बघ्याचा व्हिडिओ कॅमेरा कसा चालतो? लाखो वर्षे जमिनीत पुरलेली हल्लेखोरांची यंत्रे कुणाच्याच खोदकामात कशी सापडली नाहीत? समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी दोन तारे दिले आणि तीन पायांचे यंत्र मुळातच अडखळणारे म्हणून नाकारले. (तीन पाय वेल्स यांचेच, हे अर्थात त्यांना माहीत होते.) प्रदर्शनाच्या सुमारास क्रूझ यांचे दूरचित्रवाणीवरचे सोफ्यावर उड्या मारणे बातम्यांत असल्याने काही परीक्षणे चित्रपटाऐवजी नटाचीच झाली.

ऑस्करसाठी दृश्यपरिणाम आणि ध्वनीच्या दोन विभागांत नामांकने मिळाली, पण तिन्ही पुरस्कार ‘किंग काँग’कडे गेले. पुढे फ्रान्समधील ‘काये द्यु सिनेमा’ या नियतकालिकाने नव्या शतकातल्या पहिल्या दशकाच्या दहा सर्वोत्तम चित्रपटांत याची गणना केली.

कादंबरीशी प्रामाणिक रूपांतर हवे असणाऱ्यांचीही सोय त्याच वर्षी झाली होती. टिमथी हाइन्स यांचा, व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्येच घडणारा सुमारे तीन तासांचा चित्रपट २००५ मध्येच थेट डीव्हीडीवर आला. पोशाखापासून प्रसंगांच्या क्रमापर्यंत तो पुस्तकाला धरून आहे आणि त्याची भीती कुणालाच वाटली नाही.