वीस मिनिटांची रक्तगोठण चाचणी

वीस मिनिटांची रक्तगोठण चाचणी : सर्पदंश झालेल्या रुग्णाच्या रक्ताची गोठण्याची क्षमता विषामुळे संपली आहे का, हे रुग्णाच्या खाटेपाशीच पाहण्याची पद्धत. दवाखान्यांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिला ‘ट्वेंटी डब्ल्यूबीसीटी’ (होल ब्लड क्लॉटिंग टेस्ट) किंवा नुसते ‘क्लॉटिंग टेस्ट’ म्हणतात. तिला वीज, यंत्र, रसायन यांपैकी काहीच लागत नाही. काचेची कोरी नळी, सिरिंज आणि घड्याळ पुरते. घोणस व फुरसे यांच्या दंशात प्रतिसर्पविष (एएसव्ही) द्यायचे की नाही आणि पहिल्या मात्रेनंतर पुन्हा द्यायचे की नाही, हे दोन्ही निर्णय भारतात मुख्यतः या चाचणीवर घेतले जातात. साहजिकच खेड्यापाड्यांतल्या सामान्य व्यवसायी डॉक्टरच्या हातात जी मोजकी कौशल्ये पक्की हवीत, त्यांत हिचे स्थान वरचे आहे.

उगम : काचेच्या नळीत रक्त घेऊन ते गोठण्यास लागणारा वेळ मोजण्याची रीत ली व व्हाइट यांनी १९१३ मध्ये मांडली. तीत नळी ३७° से. तापमानाला ठेवून वारंवार तिरकी करून पाहावी लागे. सर्पदंशात ही कल्पना प्रथम कोणी वापरली, याबद्दल एकमत नाही. बहुतेक लेखक वॉरेल व सहकाऱ्यांच्या नायजेरियातील फुरसे-गटाच्या सापांवरील १९७७ च्या लेखाकडे बोट दाखवतात. ठराविक वीस मिनिटांनी एकदाच पाहायचे, हा दंडक तिथूनच रूढ झाला असावा. त्याआधी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस, ॲलिस्टर रीड यांनी मलायात तिथल्या व्हायपर सापाच्या दंशांत रक्त न गोठण्याच्या अवस्थेचा अभ्यास केला होता आणि उपचारांची दिशा ठरवण्यासाठी खाटेपाशी रक्ताची गुठळी पाहण्यावर भर दिला होता. तेव्हा मूळ कल्पना रीड यांच्याकडे आणि आजचे साचेबंद रूप वॉरेल यांच्याकडे जाते, असे म्हणणे अधिक रास्त वाटते. वीस मिनिटे हा आकडा शरीरक्रियेतून निघालेला नाही. निरोगी रक्त काचेत साधारण ५ ते १५ मिनिटांत गोठते. त्यापुढे थोडी मोकळीक ठेवून सोयीची वेळ ठरवली गेली, इतकेच.

कार्यतत्त्व : घोणशीच्या विषातील घटक रक्तगोठणीचे दहावे व पाचवे घटकद्रव्य कार्यान्वित करतात, फुरशाचे विष थेट प्रोथ्रोम्बिन या गोठणद्रव्यावर काम करते. दोन्ही वाटांनी शरीरात सूक्ष्म प्रमाणात गोठण सतत चालू राहते, फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते रक्तातील प्रथिन) खर्ची पडते आणि शेवटी गुठळी बांधायला कच्चा मालच उरत नाही. फायब्रिनोजेन लिटरला सुमारे ०.५ ग्रॅमच्या खाली घसरले की नळीतले रक्त पातळच राहते. याचा अर्थ असा की, चाचणी बिघाडाची बरीच पुढे गेलेली पायरीच दाखवते. अर्धामुर्धा बिघाड तिच्या नजरेतून सुटू शकतो.

कृती : शक्यतो दंश नसलेल्या हाताच्या शिरेतून, एकाच टोचणीत, २ मिलि रक्त काढावे. सुई काढून टाकून रक्त नळीच्या भिंतीवरून हळू सोडावे. जोरात सोडल्यास फेस होतो. नळीवर रुग्णाचे नाव आणि रक्त सोडल्याची वेळ तत्काळ लिहावी. नळी स्टँडमध्ये, खोलीच्या तापमानाला, उभी ठेवावी व २० मिनिटे तिला हात लावू नये. वेळ भरल्यावर एकदाच तिरकी करावी. रक्त वाहिले तर ‘न गोठलेले’, जागचे हलले नाही तर ‘गोठलेले’ अशी नोंद करावी. टोचलेल्या जागी बराच वेळ दाब द्यावा. रक्त गोठत नसेल तर तिथून ते झिरपत राहते. याच कारणाने अशा रुग्णाला स्नायूत इंजेक्शने देणे आणि मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरा टोचणे टाळतात.

सर्वांत जास्त वेळा चुकते ते ‘हात लावू नये’ या पायरीवर. नातेवाईक भोवती उभे असतात, डॉक्टर घाईत असतो, आणि पाचव्या, आठव्या, बाराव्या मिनिटाला नळी हलवून पाहिली जाते. बांधली जात असलेली नाजूक गुठळी त्या हलवण्यानेच मोडते.

नळीचा प्रश्न : या चाचणीतला सर्वांत कळीचा भाग नळी हाच आहे आणि शिकवताना नेमका तोच एका वाक्यात उरकला जातो. रक्ताचा काचेच्या ऋणभारित पृष्ठभागाशी संपर्क आला की बारावे घटकद्रव्य जागे होते आणि गोठणीची साखळी सुरू होते. म्हणजे काच ही इथे चाचणीचे ‘रसायन’ आहे. प्लास्टिकच्या (पॉलिप्रॉपिलीन) नळीत हे काम नीट होत नाही. निरोगी माणसाचे रक्तही वीस मिनिटांनी पातळ राहू शकते. धुऊन पुन्हा वापरलेल्या नळीचीही तीच गत. साबण किंवा डिटर्जंटचा अदृश्य थर काचेवर राहतो आणि संपर्कक्रिया रोखतो. परिणाम एकच : विष चढलेले नसताना ‘न गोठलेले’ असा शेरा पडतो आणि रुग्णाला नाहक दहा कुप्या एएसव्ही जाते, तिच्यासोबत तीव्र ॲलर्जीचा धोकाही येतो.

प्रयोगशाळेतले तयार बल्ब इथे चालत नाहीत. जांभळ्या टोपणाच्या बल्बमधील ईडीटीए, करड्या टोपणातील फ्लुओराइड-ऑक्झॅलेट आणि निळ्यातील सायट्रेट रक्त गोठूच देत नाहीत. लाल टोपणाचा ‘प्लेन’ बल्ब वरकरणी योग्य वाटतो, पण आज तो बहुधा प्लास्टिकचा असतो आणि त्यात गोठण घडवणारे द्रव्य लावलेले असते. दुखरी नस अशी की, काचेच्या साध्या नळ्या आता खरेदीच्या यादीत सहजी येत नाहीत. पावसाळ्यापूर्वी कोऱ्या नळ्यांचे एक खोके वेगळे ठेवून त्यावर ‘फक्त सर्पदंशासाठी’ असे लिहून ठेवणे, हा साधा उपाय अनेक चुका वाचवतो.

नळीच्या आकाराबद्दल मात्र ग्रंथांत एकवाक्यता नाही. भारतीय व जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिका २ मिलि रक्त आणि स्वच्छ, कोरडी, नवी काचनळी एवढेच सांगतात. श्रीलंकेतील अलीकडच्या कामात १ मिलि रक्त आणि १० मिमी आतील व्यासाची ५ मिलि बोरोसिलिकेट नळी हे माप निश्चित केले आहे. रुंद नळीत रक्ताचा काचेशी संपर्क प्रमाणाने कमी येतो, हे ध्यानात घेता माप ठरवून टाकणे योग्य दिसते. निदान एका दवाखान्यात तरी नेहमी एकाच मापाची नळी वापरावी. शंका आल्यास त्याच खोक्यातील दुसऱ्या नळीत एखाद्या निरोगी नातेवाइकाचे किंवा कर्मचाऱ्याचे रक्त त्याच वेळी लावावे. तेही गोठले नाही, तर दोष नळीत आहे.

पुनरावृत्ती व उपचार : पहिली चाचणी गोठलेली आली म्हणजे धोका टळला असे नाही, दंशानंतर बिघाड उभा राहण्यास काही तास लागू शकतात, आणि घट्ट आवळपट्टी बांधून आलेल्या रुग्णात पट्टी सोडल्यावर चित्र बदलू शकते. किती वेळाने पुन्हा पाहावे, यात दोन परंपरा आहेत. जुन्या राष्ट्रीय नियमावलीत पहिले ३ तास दर अर्ध्या तासाने व नंतर तासातासाने अशी सूचना होती. नंतरच्या प्रमाणित उपचार मार्गदर्शिकेत ३ तासांपर्यंत तासातासाने व पुढे २४ तासांपर्यंत दर ६ तासांनी असे वेळापत्रक आहे. एकट्या डॉक्टरला आणि एकाच परिचारिकेला दुसरे वेळापत्रक प्रत्यक्षात पाळता येते, ही त्याची जमेची बाजू.

रक्त गोठत नसेल तर एएसव्हीच्या ८ ते १० कुप्या सलाइनमधून शिरेवाटे देतात. या आकड्यामागचा हिशेब असा : एका कुपीत १० मिलि आणि प्रत्येक मिलित घोणशीचे ०.६ मिग्रॅ विष निष्प्रभ करण्याची क्षमता, म्हणजे १० कुप्यांत ६० मिग्रॅ. घोणस एका दंशात सरासरी सुमारे ६३ मिग्रॅ विष सोडते. सापाने सोडलेले विष रुग्णाच्या वजनावर ठरत नाही, म्हणून मुलांनाही मात्रा तितकीच. चाचणीमात्रा (टेस्ट डोस) देऊ नये. ती पुढची प्रतिक्रिया ओळखत नाही. ॲड्रिनलिन मात्र सिरिंजमध्ये भरून जवळ हवे; प्रौढाला प्रतिक्रिया आल्यास १:१००० द्रावणाचे ०.५ मिलि मांडीच्या स्नायूत देतात. रक्त गोठत नसतानाही स्नायूत इंजेक्शन देण्याला हा अपवाद आहे.

पुढची चाचणी ६ तासांनी करतात. विष निष्प्रभ झाल्यानंतरही यकृताला गोठणद्रव्ये नव्याने तयार करायला तेवढा अवधी लागतो. दोन तासांनी चाचणी करून, ‘अजून पातळ आहे’ म्हणून पुन्हा दहा कुप्या देणे ही औषधाची नासाडी आहे. ६ तासांनीही रक्त न गोठल्यास मात्रा पुन्हा देतात. मार्गदर्शिका एकूण मर्यादा सुमारे ३० कुप्यांची सुचवतात.

विश्वासार्हता : चाचणीवर टीका झाली ती मुख्यतः श्रीलंकेतून. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका अभ्यासात, नेहमीच्या रुग्णालयीन कामकाजात केलेल्या चाचणीने घोणसदंशातील बिघाडाचे निम्म्याहून कमी रुग्ण ओळखले. २०१७ मध्ये नळी व रक्ताचे माप काटेकोर ठेवून केलेल्या अभ्यासात हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. २०२१ च्या एका संकलित आढाव्यात, आयएनआर (रक्त गोठण्यास नेहमीपेक्षा किती जास्त वेळ लागतो, हे दाखवणारे प्रयोगशाळेतील प्रमाण) १.४ पेक्षा जास्त हा निकष धरता, संवेदनक्षमता (बिघाड असलेले रुग्ण ओळखण्याचे प्रमाण) सुमारे ०.८४ व विशिष्टता (बिघाड नसलेले बरोबर वगळण्याचे प्रमाण) ०.९१ निघाली. या तिन्ही निष्कर्षांकडे एकत्र पाहता, मूळ पद्धतीइतकाच ती करणाऱ्या हाताचा प्रभाव दिसतो. बोटाच्या थेंबावर आयएनआर दाखवणारी छोटी यंत्रे सर्पदंशात भरवशाची ठरलेली नाहीत.

मर्यादा : नाग व मण्यार यांच्या दंशात रक्त गोठते, तिथे पापण्या जड होणे, गिळता न येणे, श्वास उथळ होणे यांकडे पाहावे लागते. पहाटे पोटात दुखते म्हणून आलेल्या, जमिनीवर झोपणाऱ्या रुग्णात मण्यारचा संशय गोठलेल्या नळीने दूर होत नाही. चापडा व अन्य खड्ड्यांच्या सापांचे (पिट व्हायपर) विष भारतीय पॉलिव्हॅलंट (अनेक सापांच्या विषांवर चालणाऱ्या) एएसव्हीच्या चार सापांत (नाग, मण्यार, घोणस, फुरसे) मोडत नाही.

प्रशिक्षण : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत दर ५ वर्षांत किमान ३० तासांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाची अपेक्षा आहे, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण अशा शिक्षणातून मिळणाऱ्या श्रेयांकांशी (क्रेडिट पॉइंट) जोडलेले आहे. हे तास बहुधा सभागृहातील व्याख्यानांत भरतात. नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरचे वागणे क्वचितच बदलते. सहभाग व सराव असलेल्या सत्रांनी ते बदलते, असे डेव्हिस व सहकाऱ्यांनी १९९९ च्या आढाव्यात दाखवले. या चाचणीला तर सरावाशिवाय दुसरा मार्ग नाही, आणि तो फार स्वस्त आहे. एका स्वयंसेवकाचे ८ मिलि रक्त चार नळ्यांत सारखे वाटावे : कोरी काचेची, डिटर्जंटने धुतलेली काचेची, प्लास्टिकची आणि ईडीटीएची. वीस मिनिटांनी शिबिरार्थींनी स्वतः त्या तिरक्या कराव्यात. एकाच निरोगी माणसाच्या रक्ताचे वेगवेगळे निकाल डोळ्यांनी पाहिलेला डॉक्टर पुढे धुतलेली नळी हातात घेत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात पहिला रुग्ण पाहणारे पुष्कळ डॉक्टर आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. त्यांची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे होते, त्यामुळे एकाच परिषदेचे श्रेयांक डोळ्यांसमोर ठेवून आखलेली शिबिरे त्यांच्यापर्यंत पोचतीलच असे नाही. एएसव्ही जवळ नसली तरी चाचणी लावून रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठीवर दंशाची वेळ, रक्त नळीत सोडल्याची वेळ, निकाल आणि नळी कोरी काचेची होती का, या चार गोष्टी लिहिल्या, तर पुढच्या रुग्णालयाला तो निकाल आधाराला घेता येतो. मात्र चाचणीचे निमित्त करून रुग्णाला वीस मिनिटे रोखून धरू नये. गाडी आधी आली तर नळी लावण्याचे काम पुढच्या ठिकाणी होऊ द्यावे.