कॉन्सर्टिना म्हणजे छोटं ॲकॉर्डियन नव्हे

इंग्रजी लोकसंगीताच्या रेकॉर्डिंगमधला कॉन्सर्टिना म्हणजे ‘छोटं ॲकॉर्डियन’, हा समज चुकीचा आहे. दोन्हींत आपल्या पेटीसारखे भाता आणि धातूचे सूर असतात, एवढंच साम्य. ॲकॉर्डियनचं पेटंट व्हिएन्नात वाद्य बनवणाऱ्या डेमियनने 1829 मध्ये घेतलं. कॉन्सर्टिना लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टनचा. ॲकॉर्डियनच्या डाव्या हाताला एका बटणात अख्खा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) मिळतो, कॉन्सर्टिनात तो बोटांनी जुळवावा लागतो.

इंग्लंडमधल्या हेडिंग्टन क्वारी गावचे कॉन्सर्टिनावादक विल्यम किंबर यांचं वादन जरूर ऐका! त्यांच्या अँग्लो कॉन्सर्टिनात बटण तेच, पण भाता दाबला की एक स्वर आणि ओढला की दुसरा. भात्याच्या या सततच्या उलटसुलट हालचालीमुळेच मॉरिस या इंग्रजी लोकनाचाच्या चालीला तो सुंदर हिसका येतो. मात्र कॉन्सर्टिनाच्या ‘इंग्लिश’ प्रकारात भाता दाबला काय किंवा ओढला काय, एका बटणाचा स्वर एकच.